माजी सैनिकाला चिखल आठवतो, तारीख का आठवत नाही?

"एकाहत्तरला आमची पलटण बंगालमध्ये होती," इथून सुरुवात होते. मग नदी येते, चिखल येतो, रात्रभरची पायपीट येते, शेजारच्या जोडीदाराचं नाव येतं. पण नातवाने मध्येच विचारलं, "ही कोणती नदी? तारीख काय होती?" की गाडी अडते. नातू मोबाईल काढतो. आजोबांचं सांगणं आणि पडद्यावरचा नकाशा काही जुळत नाही. मग घरात दोन तट पडतात. एकाच्या मते आजोबा फेकतात, दुसऱ्याच्या मते पुस्तकं लिहिणारे खोटं लिहितात.

मला दोन्ही तट चुकलेले वाटतात. लढाईची आठवण बनते कशी, हे ठाऊक असलं की बराचसा वाद आपोआप मिटतो. शिवाय समोरच्या माणसाकडून कामाचं काही हाती लागण्याची शक्यता वाढते. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीपासून कोल्हापूरच्या सैनिक टाकळीपर्यंत ज्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पलटणींना माणसं पुरवली, तिथे हे समजून घेण्याची गरज जरा जास्तच आहे.

एक दुपार, तीन हकिकती

११ डिसेंबर १९७१. दुपार कलली होती. डकोटा, पॅकेट, एएन-१२ आणि कॅरिबू अशा मिश्र विमानांतून २ पॅरा ही बटालियन आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ पॅराशूटने उतरली. ही पलटण मुळात मराठ्यांचीच. दुसऱ्या महायुद्धात ती ३/५ मराठा लाइट इन्फंट्री होती. १९४४ साली इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेले यशवंत घाडगे याच पलटणीचे. टांगाईलला तिचं काम होतं लोहजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेण्याचं. जमालपूर आणि मैमनसिंगकडून ढाक्याच्या दिशेने मागे सरकणारी पाकिस्तानची ९३ ब्रिगेड तिथे अडवायची होती.

उतरताना पांगापांग झाली. काही माणसं आणि काही सामान तळ्यांत, पाणथळ शेतांत पडलं. गावकरी धावत आले, दारूगोळ्याची ओझी डोक्यावर घेऊन चालू लागले. त्या भागात कादर सिद्दीकींच्या मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली लढवय्यांचा, आधीपासून जोर होता, त्याचाही उपयोग झाला. संध्याकाळी पूल हाती आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमालपूर जिंकून दक्षिणेकडे निघालेली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, पुलावर येऊन त्यांना मिळाली.

आता ही दुपार तीन ठिकाणी कशी नोंदली गेली, ते बघा.

जवानाच्या डोक्यात राहिलं ते विमानाचं दार, वारा, खाली चमकणारं पाणी, अंधारात आपल्या माणसांचा शोध. सरकारी इतिहासात राहिलं ते उद्दिष्ट, वेळ, मनुष्यबळ, आणि ९३ ब्रिगेडचा बराच भाग पॅरा उतरण्याआधीच पुलावरून पुढे निसटला होता, ही जरा अडचणीची गोष्ट. जगाच्या वर्तमानपत्रांत मात्र तिसरंच छापून आलं. प्रत्यक्षात उतरले होते सातशेच्या आसपास जवान. बातमी झाली पाच हजारांची. सोबत आकाश भरून पॅराशूट दिसतील असा फोटो. तो फोटो टांगाईलचा नव्हताच. आग्र्याला झालेल्या जुन्या सरावाचा होता, आणि लष्कराच्या जनसंपर्क विभागाने तो दिला होता, हे पुढे त्या विभागातल्यांनीच सांगितलं. युद्धात अशा गोष्टी चालतात. ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी सेनापतींच्या पोटात गोळा आणण्यासाठी पाच हजार हा आकडा सोयीचाच होता.

तळ्यात पडलेला जवान खोटं सांगत नाही. ९३ ब्रिगेडचं काय झालं हे त्याला त्या रात्री ठाऊकच नव्हतं. दोन दिवसांनी कुणी सांगितलं असेल, तर ती ऐकीव माहिती. दुसरीकडे, सरकारी इतिहास लिहिणाऱ्याला त्या तळ्याचं पाणी किती गार होतं, हे कधीच कळणार नाही. जवानाची साक्ष पन्नास-शंभर पावलांच्या वर्तुळापुरती पक्की असते. वर्तुळाबाहेर तो आपल्यासारखाच, इतरांकडून ऐकणारा असतो. आठवणी ऐकताना सगळ्यात आधी हे वर्तुळ ओळखायचं.

डोक्यात नेमकं काय होतं

जीव धोक्यात असताना शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन उसळतात. लक्ष अंधारात बॅटरीच्या झोतासारखं एका जागी गोळा होतं. जिथे झोत पडला तिथलं बारीकसारीक डोक्यात कोरलं जातं, कडेचं सगळं अंधारात जातं. अनेक जण सांगतात की शेजारी तोफ फुटत असूनही आवाज ऐकू आला नाही, किंवा दोन मिनिटांची चकमक अर्ध्या तासाची वाटली. ही बढाई नसते. ताणाखाली काळाचं आणि आवाजाचं भान असंच बदलतं. त्यात तीन-तीन रात्री झोप नाही. झोपेविना मेंदूला घटना ओळीने लावून ठेवता येत नाहीत, म्हणून कोणती टेकडी आधी आणि कोणती नंतर याची सरमिसळ होते.

आणि तारीख? ती मुळात डोक्यात शिरलेलीच नसते. सेक्शनमधल्या, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीतल्या, जवानाला हुकूम मिळायचा तो एवढाच, की अंधार पडल्यावर निघायचं, आवाज करायचा नाही, पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवायची. नकाशा कंपनी कमांडरकडे. गावाचं नाव सांगितलं तरी ते परक्या भाषेतलं. वार आणि तारखेशी संबंध येतो तो पगार, रजा आणि पत्रांपुरता.

पत्रांतही ठिकाण नसायचं. लढाईवरच्या जवानाचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, पलटण आणि "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ". टपाल त्या लष्करी टपाल कार्यालयामार्फत फिरायचं आणि माणूस नेमका कुठे आहे हे घरच्यांना कळू नये, अशीच ती सोय होती. त्यामुळे ट्रंकेत जपून ठेवलेल्या आंतरदेशीय पत्रात "मी सुखरूप आहे, धाकट्याला शाळेत घाला, बैलाचं काय झालं" एवढंच सापडतं. सेन्सॉरच्या भीतीने जवान स्वतःही हात आखडून लिहीत असत.

वीस-बावीसच्या वयात घडलेलं म्हातारपणी जास्त आठवतं, ही बाबही इथे जोडून घ्या. साधारण पंधरा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी उतारवयात दाट असतात, हे मानसशास्त्रात पुन्हापुन्हा दिसून आलं आहे. म्हणून नोकरीची पुढची वीस वर्षं दोन वाक्यांत संपतात आणि डिसेंबरमधले ते चौदा दिवस तासभर पुरतात.

दरवेळी थोडी नवी

आठवण काढायची म्हणजे मेंदू दरवेळी तुकडे पुन्हा जुळवतो. जुळवताना आजचं काही त्यात मिसळतं. १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या ५९ अमेरिकी राखीव सैनिकांना परतल्यावर महिनाभराने १९ प्रश्न विचारले गेले: तुमच्यावर गोळीबार झाला का, मित्र मेलेला पाहिला का, असे. दोन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. ८८ टक्के लोकांचं किमान एक उत्तर बदललं होतं. काहींना आधी न सांगितलेलं आता आठवलं, काहींनी आधी सांगितलेलं आता नाकारलं. ज्यांना मानसिक त्रास जास्त होता, त्यांच्या दुसऱ्या वेळच्या आठवणीही वाढलेल्या होत्या. दोन वर्षांत एवढा फरक पडतो. मग पन्नास वर्षांनंतर काय, असा प्रश्न साहजिक आहे.

पण थांबा, याच्या उलट टोकाचं उदाहरणही आहे, आणि मला ते जास्त आवडतं. हॉवर्ड हॉफमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात मॉर्टर (उखळी तोफांच्या) तुकडीत होते. त्यांची पत्नी अ‍ॅलिस मौखिक इतिहासाच्या अभ्यासक. तिने नवऱ्याची युद्धाविषयी सविस्तर मुलाखत घेतली, काही वर्षं जाऊ दिली, पुन्हा घेतली, आणि सगळं तुकडीच्या नोंदींशी ताडून पाहिलं. बहुतेक गोष्टी दुसऱ्या वेळीही जवळजवळ तशाच आल्या, आणि नोंदींशी पुष्कळशा जुळल्या. मात्र नोंदीत असलेल्या काही घटना पुरावा समोर ठेवला तरी त्यांना आठवल्या नाहीत. नवरा तयार झाला हे विशेष. आपल्याकडे बायको अशी नोंदवही घेऊन बसली असती तर संसाराचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर मला असं दिसतं: जी गोष्ट माणसाने लवकर, सलग आणि पुष्कळदा सांगितली आहे ती घट्ट बसते. ती घट्ट असते म्हणून सगळी खरी असते, असं मात्र नाही. वारंवार सांगितलेल्या गोष्टीला कोपरे राहत नाहीत. ऐकणारे कुठे हसतात, कुठे गप्प होतात ते सांगणाऱ्याला कळतं आणि गोष्ट त्या जागी जरा वळते.

जमालपूरचंच बघा. तिथल्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना भारताचे ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं. उत्तर आलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून: पुढच्या वेळी पेनाऐवजी हातात स्टेनगन घेऊन भेटा. हा प्रसंग अनेक जण सांगतात, प्रत्येकाच्या तोंडी थोडा वेगळा. पत्रव्यवहाराचा मजकूर टिकला म्हणून मूळ शब्द काय होते ते कळतं. तो नसता तर कोणती आवृत्ती खरी मानायची? पुढचं कमी सांगितलं जातं. १० डिसेंबरच्या रात्री त्या पलटणीने जमालपूरमधून बाहेर पडायचा प्रयत्न केला, रस्ता रोखून बसलेल्या १ मराठाने तो मोडून काढला आणि पाकिस्तानी बाजूची दोनशेहून अधिक माणसं तिथे पडली. पत्राची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्या रस्त्यावर सकाळी काय दिसलं, याबद्दल बोलायला तयार होणारे फार थोडे.

न बोलण्याची कारणं

घरचे म्हणतात, "ते त्याबद्दल काही बोलत नाहीत." कारणं एकासारखी एक नसतात. कुणाला वाटतं, सिव्हिलियन माणसाला यातलं काय कळणार. कुणी मेलेल्या जोडीदाराच्या आईला "त्याला काही त्रास झाला नाही" असं सांगून बसलेला असतो आणि आता खरं बोललं तर तो शब्द मोडतो. कुणाला गोपनीयतेची भीती असते. पन्नास वर्षांपूर्वी दिलेली ताकीद त्याच्यासाठी आजही चालू असते.

आणि काहींना खरोखर आजार असतो. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' हा शब्द १९१५ साली चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून वैद्यकात आला. तोफगोळ्याच्या धक्क्याने मज्जातंतू बिघडतात, अशी तेव्हाची समजूत. आजचं पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० साली, व्हिएतनामनंतर. म्हणजे १९६२, १९६५ किंवा १९७१ हून परतलेल्या आपल्या जवानांच्या वेळी या त्रासाला नावच नव्हतं. झोपेत ओरडणं, दिवाळीत घराबाहेर न येणं, दारू, अचानक चढणारा राग, या सगळ्याला "फौजी डोकं आहे" म्हणून वाटेला लावलं गेलं. पीटीएसडीतली आठवण साध्या आठवणीसारखी "तेव्हा झालं होतं" अशी येत नाही, ती आत्ता घडत असल्यासारखी अंगावर येते. म्हणून समोरचा थबकला, श्वास वाढला, हात थरथरू लागले तर विषय तिथेच सोडून चहा मागवायचा. उरलेलं डॉक्टरांचं काम.

"किती मारले?" हा प्रश्न लहान मुलं विचारतात तेव्हा समजू शकतो. मोठ्यांनी विचारू नये.

कागद तरी कितपत खरे?

आठवण डळमळीत म्हणून कागदावर आंधळा विश्वास टाकायचा, तर तिथेही गंमत आहे. पलटणीची वॉर डायरी रोज लिहिली जाते, पण लिहितो एखादा थकलेला अधिकारी, रात्री, हाताशी असलेल्या वायरलेस संदेशांवरून. घोटाळा झाला असेल तर तो दोन शब्दांत उरकतो. शौर्यपदकाचं मानपत्र हे शिफारशीतून तयार होतं आणि शिफारस मंजूर व्हावी म्हणूनच लिहिलेली असते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर १/५ मराठाचे नामदेव जाधव यांनी जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून मागे आणलं, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना देत मागच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हे सगळं आहे. ते कंपनी कमांडरचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते, हेही आहे. त्याच काठावर जे बाकीचे पडले, त्यांच्याबद्दल मानपत्राला बोलायचं कारण नव्हतं.

साध्या जवानांना कागद किती जागा देतात याचं टोकाचं उदाहरण इराकमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनंतर शरणागती झाली. जंगी पलटण ही त्यातल्या १०३ चीच वारस. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं, तेव्हा ब्रिटिश शिपायांची नावं भिंतीवर कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी जवान मात्र प्रत्येक पलटणीपुढे एक आकडा बनून राहिले. त्या घरांत कुणी तोंडी काही जपलं नसेल, तर कागदाने तो माणूस जपलेला नाही.

म्हणून दोन्ही लागतात. नदी, तारीख, शेजारची पलटण हे कागदावरून घ्यावं. भूक, भीती, कोण कोणाशी कसं वागलं, हुकूम प्रत्यक्षात पाळला गेला का, हे माणसाकडून.

विचारायचं कसं

सगळ्यात आधी घरातल्या वस्तू काढा. डिस्चार्ज बुकमध्ये नंबर, पलटण, भरतीचं आणि निवृत्तीचं साल असतं. पदकं नीट बघा. 'पूर्वी स्टार' हे पदक असेल तर माणूस १९७१ ला पूर्व आघाडीवर होता, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेला. १९६५ चा समर सेवा स्टार असेल तर त्याही लढाईत होता. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. पुसून, उजेडात तिरकं धरलं तर वाचता येतं. एवढ्यावरून घरातले निम्मे वाद सुटतात.

मग गप्पा. "युद्धाबद्दल सांगा" असं म्हणू नका, त्यावर पाठ झालेली गोष्टच येते. कागद-पेन द्या आणि विचारा: तुम्ही इथे होता, डावीकडे कोण? पाणी कुठून आणायचे? लंगर (फौजी स्वयंपाकघर) किती मागे होता? पायात काय होतं? हात चालू लागला की वर्तुळातलं एकेक बाहेर येतं. नावं विचारा, टोपणनावंसुद्धा. चूक दिसली तरी मध्येच दुरुस्त करू नका. तुम्ही यूट्यूबवरचं नाव पुरवलं की पुढच्या खेपेला ते त्यांच्या आठवणीत जाऊन बसतं. टांगाईलचा तो आग्र्याचा फोटो असाच कित्येकांच्या डोक्यात बसला असेल. जुन्या पलटणवाल्यांना एकत्र बसवलं तर विसरलेलं पुष्कळ वर येतं, पण सगळ्यांच्या आठवणी एकमेकांत मिसळतातही. म्हणून आधी एकेकट्याला ऐकावं, मेळावा नंतर.

"मी काही लढलो नाही, मी गाडी चालवायचो," असं म्हणणाऱ्याकडे तर हमखास जा. ड्रायव्हर, सिग्नलवाला, खेचरं सांभाळणारा, स्वयंपाकी, नर्सिंग असिस्टंट यांचं वर्तुळ पुढच्या जवानापेक्षा मोठं असतं. ते मागे-पुढे फिरतात, जखमी बघतात, अफवा ऐकतात. लढाई म्हणजे बव्हंशी वाट बघणं, ओझी वाहणं आणि खड्डे खणणं. ते सांगणारे हेच लोक, आणि यांना कुणी विचारत नाही.

पुढची पडताळणी करायची तर मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअरांचं) पुण्यात खडकीला. तुमच्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय अर्ज कसा करायचा ते सांगतं. दोन्ही महायुद्धांतल्या हिंदी पलटणींच्या अनेक वॉर डायऱ्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बघायला मिळतात. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांबाबत जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण मंजूर केलं. त्यानुसार नोंदी साधारणपणे २५ वर्षांनी खुल्या व्हाव्यात. म्हणजे १९७१ बद्दल घरात बोलायला काही हरकत नसावी, हे आजोबांना एकदा समजावून सांगा. अलीकडच्या काळात नोकरी केलेल्यांना मात्र ठिकाणं आणि हत्यारांचे तपशील खोदून विचारू नका.

१९७१ ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. फोनवर रेकॉर्डिंग पुरतं, फक्त पंखा बंद करा आणि फोन त्यांच्या हनुवटीच्या जवळ ठेवा. फाईलला "आबा १" असं नाव देऊन सोडू नका. पलटण, युद्ध, साल आणि मुलाखतीची तारीख त्यात लिहा, आणि एक प्रत घराबाहेरच्या कुणाकडे तरी ठेवा.